ध्येय सर्वांना मान्य

आमच्या महाविद्यालयाचे ध्येय काय आहे, हे महाविद्यालयात कोणालाही ठाऊक नव्हते आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नव्हते. वर्ग भरत होते, घंटा होत होती, मुले पास-नापास होत होती. एखाद्या जुन्या, समंजस जोडप्याप्रमाणे महाविद्यालय आणि त्याचे ध्येय एकमेकांशी अवाक्षरही न बोलता एकाच छपराखाली सुखाने नांदत होते. या संसारात बिब्बा घालण्याचे काम माझ्या वाट्याला यावे, याचे मला अजूनही नवल वाटते. कारण मी दुसऱ्याच्या छत्रीखालीही न विचारता उभा राहणारा माणूस नाही.

"बसा," प्राचार्य म्हणाले. मी खुर्चीच्या कडेवर बसलो. "समिती येतेय. मान्यतेचं नूतनीकरण. या वेळच्या अध्यक्षबाई कागद बघत नाहीत म्हणे. वाटेत जो भेटेल त्याला थांबवतात आणि विचारतात, 'तुमच्या संस्थेचं ध्येय काय? ते तुम्हाला मान्य आहे का?' आता सांगा, काय करायचं?"

मी खिडकीबाहेर पाहिले. तेथे एक पिवळे पान फार संथपणे खाली येत होते.

"तुम्ही भाषा शिकवता," प्राचार्य म्हणाले, "आणि ध्येय हे शेवटी एक वाक्यच असतं. तेव्हा हे काम तुमचं. शिक्षक, विद्यार्थी, पालक, कर्मचारी, सगळ्यांना ध्येय समजलं पाहिजे आणि मान्य असलं पाहिजे. शंभर टक्के. अहवाल चांगला आला तर तुमचं कायम होण्याचं मी बघतो."

मी तेव्हा हंगामी होतो. हंगामी या शब्दात आंब्याचा किंवा पावसाचा जो काही गोडवा असेल तो माणसाला चिकटत नाही. शिक्षककक्षात प्रत्येकाचा कप ठरलेला होता. मला पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपातून चहा मिळे. आई ओळखीपाळखीत "होईलच आता कायम" असे इतकी वर्षे सांगत आली होती की ऐकणारेच आता विषय बदलून तिला सांभाळून घेत. तिच्यासाठी तरी मला कायम व्हायचे होते. मी मान हलवली.

प्रथम ध्येय शोधणे भाग होते. ते फाटकाशेजारी संगमरवरावर कोरलेले आहे, असे जुन्या लोकांचे म्हणणे होते. सायकली हलवल्या, वेल बाजूला सारला, आणि संस्थापकांचे वाक्य धुळीतून वर आले: 'ज्ञानाची दारे सर्वांसाठी सदैव उघडी ठेवून विचारी व निर्भय नागरिक घडविणे.' मला ते अतिशय आवडले. इतके सुंदर वाक्य इतकी वर्षे सायकलींच्या मडगार्डांमागे एकटे उभे होते, या विचाराने मला भरून आले. सायकलवाल्या मुलांनाही आले असावे, कारण ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

मग मी पाहणी केली. प्रश्न दोनच: ध्येय समजले आहे काय, आणि मान्य आहे काय. निकाल थक्क करणारा लागला. ध्येय सर्वांना समजलेले होते आणि सर्वांना पूर्णतः मान्य होते. एका पालकाने 'पूर्णतः मान्य' अशी खूण करून खाली 'ध्येय कोणते ते कळवावे' अशी पुस्ती जोडली होती, एवढाच काय तो डाग.

प्राचार्य खूश झाले. पण माणूस सावध. म्हणाले, "चला, एक फेरी मारू. मीच समिती झालो असं समजा."

फाटकावर रखवालदाराला त्यांनी विचारले, "काय, आपल्या महाविद्यालयाचं ध्येय काय?"

रखवालदाराने टाचा जुळवून सांगितले, "ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, साहेब."

उपाहारगृहाचे मालक म्हणाले, "खाऊन झाल्यावर बशा इथे आणून ठेवाव्यात."

ग्रंथालयात आमच्या ग्रंथपालबाईंनी ओठांवर बोट ठेवले आणि कुजबुजल्या, "शांतता राखा." ज्याच्या डोक्यावर जी पाटी, ते त्याचे ध्येय. ही माणसे आपापल्या ध्येयाशी किती एकनिष्ठ होती! मला त्यांचे कौतुक वाटले. प्राचार्यांना वाटले नाही. मी धीर करून विचारले, "सर, एकदा आपण सांगून दाखवता का? म्हणजे त्यांना कळेल." प्राचार्यांनी छताकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा. वेळ वाचेल."

घरी ही हकिगत मी फक्त आईला सांगितली. जेवणे आटोपेपर्यंत ती सर्व मजल्यांना ठाऊक झाली होती. शेजारचे काका प्रथम आले. ते एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि कचेरीला जे सल्ले त्यांनी देऊ केले होते व कचेरीने घेतले नव्हते, तो सगळा साठा त्यांच्याजवळ शिल्लक होता.

"पाठ करून घे," काका म्हणाले. "एकेकाला उभं कर आणि पाठ म्हणायला लाव. आमच्या वेळी..."

"अहो काका, ती कॉलेजची मुलं आहेत," वहिनी आतून म्हणाली. "भावजी, तुम्ही चाल लावा त्याला. चालीवर काहीही लक्षात राहतं. मला दंतमंजनाची जाहिरात अजून येते."

"आणि म्हणणार कोण? हा?" दादा म्हणाला. "वर्गात हजेरी घेताना याचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही."

सगळे मनापासून हसले. मीही हसलो. आपल्यावरच्या विनोदाला आपणही हसावे, म्हणजे तो लवकर संपतो. अखेर वरच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याने तोडगा काढला. "जिन्यावर लिहा. एका पायरीवर एक शब्द. चढणारा वाचणारच. न वाचून जातो कुठं?"

कल्पना मला काव्यमय वाटली. ज्ञानाच्या पायऱ्या! मी सुट्टीच्या दिवशी रंगाऱ्याबरोबर उभा राहून त्या रंगवून घेतल्या. फक्त एवढेच लक्षात आले नाही की जो जिना चढला जातो तोच उतरलाही जातो. चढताना मुलांना धाप लागलेली असे. निवांत वाचन उतरतानाच होई. आठवड्याभरात निम्मे महाविद्यालय 'घडविणे नागरिक निर्भय व विचारी, ठेवून उघडी सदैव सर्वांसाठी दारे ज्ञानाची' असे घडाघडा म्हणू लागले. ऐकताना ते एखाद्या अवघड कवितेसारखे लागे, आणि खरे सांगायचे तर मूळ वाक्यापेक्षा त्यात थोडी अधिक हुरहुर होती. पण वाणिज्य विभागाचे प्रमुख 'निर्भय' या शब्दावर वाचायला थांबले असताना मागून आलेला अख्खा वर्ग त्यांच्यावर येऊन आदळला आणि ते उरलेले ध्येय पायांनी न उतरता एकदम खाली पोचले. प्राचार्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. त्यांनाही ध्येय पाठ झाले होते, अर्थातच वरून खाली.

"हे पुसा," ते म्हणाले. "आणि लोकांना ते नीट समजावून सांगा. अर्थासकट."

येथेच सगळे बिनसले. तोवर लोकांना ध्येय समजले नव्हते, म्हणून ते सर्वांना मान्य होते. मी एकेकाला गाठून, हळू आवाजात, मनापासून त्याचा अर्थ सांगू लागलो. आणि ज्याला तो समजला, तो कामाला लागला.

"म्हणजे फाटक उघडं ठेवायचं," रखवालदार म्हणाला.

"तसं शब्दशः नव्हे. ज्ञानाची दारे म्हणजे..."

"सर, ज्ञान कुठं आहे? आत. आत जायला दार कुठलं? हेच. मग सदैव उघडं म्हटल्यावर मी कोण बंद करणारा?"

मला उत्तरे नेहमी घरी परतताना, कोपऱ्यावरच्या दिव्याखाली सुचतात. फाटक उघडे राहिले. पहिल्या दिवशी एक शेळी आली, तिने वेलाचा समाचार घेतला. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले आणि माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसले.

"काका, तुम्ही इथे?"

"'सर्वांसाठी' म्हणालास ना? मग मी त्यात येतो की नाही, ते सांग."

ते येत होते. ते रोज येऊ लागले. मी विरहावर बोलत असताना ते हात वर करून विचारत, "पण तो तिला भेटायला का जात नाही? वाहनांची सोय नव्हती का?" मुलांना ते फार आवडले. माझ्या तासाला कधी नव्हे ती गर्दी होऊ लागली, याचे श्रेय मी अनेक दिवस स्वतःकडे घेत होतो.

मग मुले ग्रंथालयाकडे वळली. आमच्या ग्रंथालयात काचेच्या दारांची उंच कपाटे होती आणि त्यांत पुस्तके, रुग्णालयात भेटीची वेळ संपल्यावर रोगी दिसावेत तशी, काचेपलीकडून आपल्याकडे पाहत असत. प्रत्येक कपाटाला कुलूप होते. किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपालबाईंच्या कमरेला असे, आणि त्यामुळे सगळे त्यांना कुलूपताई म्हणत. पुस्तक हवे असल्यास चिठ्ठी द्यावी लागे. मग कुलूपताई चष्मा लावून किल्ली शोधत, आणि ती सापडेपर्यंत घेणाऱ्याची जिज्ञासा बहुधा मावळलेली असे.

"सरांनी सांगितलंय, ज्ञानाची दारं उघडी पाहिजेत," मुले म्हणाली. कुलूपताई तडक मला शोधत आल्या.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"मी फक्त अर्थ सांगितला, ताई."

"मला समजला अर्थ. चांगला समजला. आणि मला तो मान्य नाही."

मी हादरलो. शंभर टक्क्यांचा माझा मनोरा डोळ्यांसमोर कलला. "ताई, निदान समितीपुरतं... मान्य म्हणाल का?"

"खोटं बोलू? या वयात? अहो, उघडी ठेवली की जातात पुस्तकं. पानं दुमडतात, चित्रांना मिशा काढतात. एक पुस्तक गेलं की मला आठवडाभर जेवण जात नाही. तुमच्या संस्थापकांना काय जातंय वाक्यं कोरायला? त्यांनी कधी पुस्तकं मोजून घेतलीत?" त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांच्याशी वाद घालवेना. ज्याच्यावर जीव आहे ते जपून बंद करून ठेवावे, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मीच कित्येक गोष्टी तशाच ठेवल्या होत्या. मी म्हणालो, "तुमचंही बरोबर आहे." हे मी त्या दिवसांत ज्याला-त्याला म्हणत होतो.

राहिले पालक. त्यांच्या सभेत मी ध्येय समजावून सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतून एक सुतारकाका उठले. त्यांची मुलगी आमच्याकडे पहिल्या वर्षाला होती.

"मान्य आहे," ते म्हणाले. "फार चांगलं आहे. माझ्या पोरीला हवं ते पुस्तक काचेतून बघून परत यावं लागतं, ते मला पहिल्यापासून पटत नाही. तर काम कधी सुरू करू?"

"कसलं काम?"

"दारांचं. बोलून-बोलून दारं उघडत नसतात, सर. सामान माझं, मजुरी नको. महाविद्यालय आपलं आहे."

समोर इतके पालक बसलेले. सर्वांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. मला वाटले, बिजागऱ्यांना तेल-बिल घालणार असतील. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं." टाळ्या पडल्या.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा सदरा घालून, आईने केलेले पाठवणीचे सर्व उपदेश खिशात भरून, महाविद्यालयात शिरलो, आणि थबकलो. व्हरांड्यात भिंतीला टेकवून दारेच दारे उभी होती. वर्गांची दारे, प्रयोगशाळेची दारे, ग्रंथालयाची मोठी जोडदारे आणि त्यांच्या शेजारी सगळ्या कपाटांची काचेची दारे, धुऊनपुसून, ओळीने. त्यांच्यापुढे सुतारकाका समाधानाने विडी विझवत होते.

"काका, हे काय केलंत?"

"सदैव उघडी म्हणालात ना? मी विचार केला, जे दार कधी लावायचंच नाही, ते हवं कशाला? उगाच वाऱ्यानं आपटायचं. काढून टाकली. आता बंद करतो म्हटलं तरी कुणाला करता यायची नाहीत."

माझ्या तोंडून कसाबसा प्रश्न निघाला, "स्वच्छतागृहांची?"

"छे! ज्ञानाची म्हटलंय. तिथं कसलं ज्ञान?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "प्राचार्यांच्या खोलीचंच काही ठरेना. तिथं ज्ञान आहे की नाही, बराच वेळ विचार केला. शेवटी म्हटलं, आपण मान ठेवावा. काढलं."

त्याच वेळी वरून प्राचार्यांचा आवाज आला. तो आवाज मी येथे लिहून दाखवू शकत नाही. ते आरशापुढे स्वागताच्या भाषणाचा सराव करीत होते आणि 'सन्माननीय' या शब्दावर वळून पाहतात तो सबंध व्हरांडा त्यांच्याकडे पाहत उभा होता. "दारं बसवा! आत्ताच्या आत्ता!" पण स्क्रूंचा डबा सुतारकाकांनी घरी ठेवला होता, आणि फाटकातून समितीची गाडी आत आली होती. रखवालदाराने ती अडवली नाही. तो आता काहीच अडवत नसे.

अध्यक्षबाई ठेंगण्या, काठी टेकत चालणाऱ्या होत्या. त्यांनी दारांच्या रांगेकडे पाहिले, दार नसलेल्या वर्गांकडे पाहिले आणि वाटेतल्या पहिल्या माणसाला थांबवले. ते शेजारचे काका होते.

"तुम्ही इथे कोण?"

"मी सर्व," काका म्हणाले. "'सर्वांसाठी' म्हटलंय ना, त्यातला. हा पोरगा बरा शिकवतो. थोडा रडका आहे, पण बरा शिकवतो."

बाई ग्रंथालयात शिरल्या. मी मागोमाग गेलो, आणि क्षणभर माझे सगळे भय विसरलो. उघड्या कपाटांपुढे मुले दाटीवाटीने उभी होती. कुणी फळीवरून बोट फिरवत होते, कुणी जमिनीवर मांडी घालून वाचत होते. उपाहारगृहाचे मालक एक जाड पुस्तक छातीशी धरून उभे होते. सुतारकाकांची मुलगी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून वाचत होती, आणि खाली कुलूपताई कोंबडीसारख्या फिरत होत्या.

"हात पुसून! अरे, हात पुसून घे! तो दुसरा भाग आहे, आधी पहिला वाच! ए, पान दुमडलंस तर याद राख!"

"बाई," अध्यक्षबाई म्हणाल्या, "संस्थेचं ध्येय तुम्हाला मान्य आहे का?"

प्राचार्यांनी डोळे मिटले.

"नाही," कुलूपताई म्हणाल्या. "कालपर्यंत मुळीच नव्हतं. आज सकाळपासून बघतेय, मांडी घालून बसलेल्या या पोराला चांगलं वाचायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. चिठ्ठी घेऊन कधी आलाच नाही हो तो. तेव्हा आता निम्मं मान्य आहे. 'सदैव' मला मान्य नाही. संध्याकाळी मला घरी जायचं असतं."

"मग संध्याकाळी आम्ही बसू," एक मुलगा म्हणाला.

"तू? तू तर मिशा काढणारा!"

"'सर्वांसाठी' म्हणजे शेळीसाठीही का, ते एकदा ठरवा," रखवालदार खिडकीतून म्हणाला.

आणि जो वाद सुरू झाला! मुले, पालक, कर्मचारी, सगळे एकदम बोलू लागले. निर्भय म्हणजे कुणाला न भिणारा की कुणाला न भिववणारा? विचारी माणूस प्राचार्यांना प्रश्न विचारू शकतो का? ग्रंथालयातली शांतता तर केव्हाच मोडली होती आणि कुलूपताईंचाच आवाज सर्वांत मोठा होता. अध्यक्षबाईंनी खुर्ची ओढली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि स्वतःही भांडायला बसल्या. मध्येच त्यांनी प्राचार्यांना विचारले. प्राचार्यांनी दोन्ही हात मागे बांधून खणखणीत आवाजात ध्येय म्हणून दाखवले, वरून खाली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला? मान्य आहे?"

हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. पाहणीतही मी स्वतःला वगळले होते. हंगामी माणसाने मान्य-अमान्य करून काय करायचे! प्राचार्य माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत दारे होती, स्क्रू होते, माझे पुढचे सत्र होते. मला आई आठवली. मग शिडीवरची ती मुलगी दिसली. एवढ्या गोंगाटात तिने पुस्तकातून डोके वर काढलेले नव्हते.

"मान्य आहे," मी म्हणालो. आवाज पहिल्या बाकाच्या पुढे गेला. "म्हणून... कपाटांची दारे परत लावू नयेत, असे माझे मत आहे."

समिती गेली. अहवाल आला. त्यात लिहिले होते की, या संस्थेत ध्येय सर्वांना समजलेले आहे आणि ते कोणालाही पूर्णतः मान्य नाही. मान्यता नूतनीकरणास पात्र. प्राचार्यांनी तो अनेकदा वाचला आणि मला बोलावले.

प्राचार्यांची एक पद्धत होती. माझ्या कायम होण्याचा विषय निघाला की ते स्वतः उठून दार लावीत, शेजारी येऊन बसत आणि खांद्यावर हात ठेवून अतिशय मायेने 'पुढच्या सत्रात नक्की बघू' असे सांगत. बंद खोलीत ते इतके हळुवार वाटे की मी आभार मानून बाहेर पडे. त्याही दिवशी ते सवयीने उठले, उंबऱ्यापर्यंत गेले, आणि तेथे दार नव्हते; स्क्रूंचा डबा आणायला सुतारकाका अजूनही रोज विसरत होते. व्हरांड्यात शेजारचे काका, रखवालदार, कुलूपताई, सुतारकाका आणि माझा अख्खा वर्ग उभा होता.

प्राचार्य परत येऊन बसले. घसा खाकरून हळूच म्हणाले, "तुमचं, पुढच्या सत्रात नक्की..."

"ऐकू येत नाही!" काका बाहेरून ओरडले.

"...बघू."

"बघू म्हणजे कधी?" सुतारकाका म्हणाले. "आम्ही गिऱ्हाइकाला बघू म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, साहेब."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिले, व्हरांड्याकडे पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच एक निरुपायाचे, पण बरेसे हसू आले. "करतो," ते म्हणाले. "या सत्रापासून कायम. झालं समाधान?"

बाहेर अशी आरोळी उठली की खालच्या मजल्यावरचे वर्ग सुटले. मी नमस्कार केला, उलट्या पावलांनी बाहेर आलो आणि दार ओढून घेण्यासाठी सवयीने हात मागे नेला. तो कुलूपताईंच्या हातात पडला. त्यांनी तो घट्ट धरला, जोराने हलवला आणि म्हणाल्या,

"अभिनंदन! आता कायम झालात ना? मग संध्याकाळची ग्रंथालयाची पाळी आजपासून तुमची. आणि हो, हात पुसून या."